ताफ्याचा हिशेब, खुर्चीची वाट

मे २०२० मध्ये जगभरची विमाने जमिनीला खिळलेली असताना अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सने आपली अठराच्या अठरा बोइंग ७७७ विमाने कायमची काढून टाकायचे जाहीर केले. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी त्यांचे अखेरचे उड्डाण झाले. दोन वर्षांनी त्यांतलीच पाच विमाने, ७७७-२००एलआर जातीची, भाडेकराराने एअर इंडियाकडे येऊ लागली. त्यांच्या बळावर मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोची थेट सेवा सुरू झाली आणि न्यूयॉर्कची पुन्हा जोडली गेली. याच जातीची स्वतःच्या मालकीची पाच विमाने एअर इंडियाने २०१३-१४ च्या सुमारास एतिहादला विकली होती. म्हणजे जी विमाने परवडत नाहीत म्हणून घराबाहेर काढली, त्यांचीच भावंडे आठ-नऊ वर्षांनी दुसऱ्याच्या घरून भाड्याने आणली.

कंपनीच्या वहीत हे चार व्यवहार आहेत. पायलटच्या आयुष्यात मात्र प्रत्येक व्यवहाराबरोबर खुर्च्या हलल्या. लांब पल्ल्याचे एक विमान चालवायला कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर मिळून पाच-सात जोड्या तरी लागतात. पाच विमाने गेली की तेवढ्या पटीत जागा जातात, पाच आली की उघडतात. अटलांटात डेल्टाच्या कुणाला तरी ७७७ सोडून दुसऱ्या विमानाचे प्रशिक्षण पहिल्यापासून घ्यावे लागले, आणि मुंबईत कुणाची तरी अनेक वर्षे अडलेली बढती मोकळी झाली. दोघांच्या कौशल्याचा या घडामोडीशी काडीचाही संबंध नव्हता.

मोठ्या विमानांचे धोरण आणि पायलटची कारकीर्द यांचे नाते हे असे आहे. विमान कंपन्यांच्या ताफ्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते: किती विमानांची ऑर्डर, किती अब्ज डॉलर, कोणता नवा मार्ग. त्या ऑर्डरीवर ज्यांची दहा-पंधरा वर्षे ठरतात त्यांच्या बाजूने हा विषय क्वचितच मांडला जातो.

दोन वाटांचे विमान, म्हणजे आत बसण्याच्या रांगांमधून दोन बोळ जातात ते, वाइडबॉडी: बोइंग ७७७ आणि ७८७, एअरबसची ए३३०, ए३५०, ए३८०. एका वाटेचे ते नॅरोबॉडी: ए३२० आणि ७३७ यांची कुटुंबे. पायलटच्या शिडीला दोन मापे आहेत. एक खुर्चीचे: उजवीकडे फर्स्ट ऑफिसर, डावीकडे कॅप्टन. दुसरे विमानाचे: आधी लहान, मग मोठे. या दोन मापांचा क्रम कसा लावायचा हा पायलटच्या मधल्या वयातला सर्वांत अवघड प्रश्न असतो. ए३२० वर लवकर कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, घ्यावी, की ७७७ च्या उजव्या खुर्चीत बसून मोठ्या विमानाची कमांड मिळेपर्यंत थांबावे?

बाहेरून पाहणाऱ्याला मोठे विमान म्हणजे बढती वाटते. आत गेल्यावर गोष्ट तितकी सरळ राहत नाही. नॅरोबॉडीचा पायलट दिवसाला तीन-चार उड्डाणे करतो. मुंबई-नागपूर-मुंबई-गोवा असा दिवस काढताना त्याचे हात सतत कामात असतात, पावसाळ्यात तर फारच. रात्री बहुतेक वेळा तो घरी असतो, निदान देशातल्या हॉटेलात तरी. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोसारख्या सोळा तासांच्या उड्डाणावर चार पायलट असतात. दोघे कॉकपिटमध्ये, दोघे वरच्या बंकमध्ये झोपलेले. उतरण्याची संधी चौघांतून एकाला. महिन्याकाठी अशी तीन-चार उड्डाणे झाली की तास भरतात, पण स्वतःच्या हाताने केलेली लँडिंग बोटांवर मोजण्याइतकी राहतात. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत असा नियम आहे. वाइडबॉडीवरच्या फर्स्ट ऑफिसरला कधी कधी तेवढ्यासाठी सिम्युलेटरमध्ये जाऊन बसावे लागते. कॅथे पॅसिफिक आणि क्वांटाससारख्या कंपन्यांत तर सेकंड ऑफिसर हे पदच होते आणि आहे. तो विमान उंचीवर स्थिर झाल्यावर खुर्चीत बसतो आणि उतरण्याआधी उठतो. जगातली उत्तम विमाने त्याच्या लॉगबुकात असतात, टेकऑफ-लँडिंगचा रकाना तेवढा रिकामा असतो.

तरीही लोक वाइडबॉडीकडे का वळतात? पैसा हे पहिले कारण. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांत तासाचा दर विमानाच्या आकाराबरोबर चढत जातो. दुसरे, परदेशातल्या नोकरीची दारे. तिसरे कारण हिशेबात मांडता येत नाही. मध्यरात्री ध्रुवाजवळून जाणारे तीनशे माणसांचे विमान आपल्या हाती असावे ही ओढ ज्याला लहानपणापासून लागलेली असते, त्याला ए३२० ची कमांड लवकर मिळते हे सांगून फारसा उपयोग नसतो. ही ओढ खरी आहे आणि आदराला पात्र आहे. कंपन्यांना ती नीट ठाऊक असते, आणि कराराच्या टेबलावर तिची किंमत पायलटकडूनच वसूल केली जाते.

ज्येष्ठता यादी समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. पायलटचा रुजू झाल्याचा क्रमांक हीच त्याची इस्टेट. कोणते विमान, कोणता बेस, कोणत्या महिन्यात रजा, कमांडचे प्रशिक्षण कधी, सगळे त्या क्रमांकाने ठरते. कंपनी बदलली की क्रमांक शून्यावर. वीस वर्षांचा अनुभव असलेला डॉक्टर इस्पितळ बदलतो तेव्हा अनुभव बरोबर नेतो. पायलट तास बरोबर नेतो, रांगेतली जागा मात्र मागेच ठेवून जातो. म्हणून कंपनीचे ताफ्याचे धोरण चुकले तरी पायलट सहज उठून दुसरीकडे जाऊ शकत नाही. भारतात त्यात २०१७ पासून नोटिशीचा नियम आहे: कॅप्टनला बारा महिने, को-पायलटला सहा. शिवाय टाइप रेटिंगच्या, म्हणजे एका जातीचे विमान चालवण्याच्या पात्रतेच्या, खर्चापोटी लिहून दिलेले बॉन्ड.

या साऱ्याचा स्फोट कसा होतो हे पाहायचे तर २०१२ चा एअर इंडियाचा संप पाहावा. माझ्या मते आपल्या विमान वाहतुकीच्या इतिहासातले ते सर्वांत कमी समजून घेतलेले प्रकरण आहे. त्या वेळच्या चर्चेत संपकऱ्यांना लाडावलेले, चैनीत राहणारे म्हणून मोडीत काढले गेले. मूळ भांडण मात्र २००६ च्या एका ऑर्डरीत होते.

जानेवारी २००६ मध्ये एअर इंडियाने बोइंगशी ६८ विमानांचा करार केला. त्यात २३ बोइंग ७७७, २७ बोइंग ७८७ आणि एअर इंडिया एक्स्प्रेससाठी १८ बोइंग ७३७-८०० होती. त्याच काळात देशांतर्गत सेवेतल्या इंडियन एअरलाइन्सने एअरबसची ४३ विमाने मागवली. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. विमाने एका ताफ्यात आली, पायलटांच्या याद्या मात्र दोनच राहिल्या. जुन्या एअर इंडियाचे पायलट वाइडबॉडीवर उजव्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे कमांडची वाट पाहत. इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांना ए३२० वर कमांड त्यामानाने लवकर मिळे. दोन्ही गटांनी आपापल्या कंपनीचे धोरण पाहून तरुणपणी आपापला सौदा केला होता. एकाने मोठे विमान निवडून वेळ दिला, दुसऱ्याने वेळ वाचवून लहान विमान पत्करले.

मग प्रश्न आला ७८७ चा. २००८ मध्ये येणारे हे विमान उत्पादनातल्या अडचणींमुळे चार वर्षे लांबले. त्या चार वर्षांत जुन्या एअर इंडियाच्या पायलटांचे वय वाढले, कमांड आली नाही. विमान शेवटी दाराशी आले तेव्हा व्यवस्थापनाने प्रशिक्षणाच्या जागा दोन्ही गटांत वाटायचे ठरवले. इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांच्या दृष्टीने कंपनी एक झाली तर विमानेही सगळ्यांची, आणि त्यांचेही म्हणणे चुकीचे नव्हते. इंडियन पायलट्स गिल्ड या जुन्या एअर इंडियाच्या संघटनेला मात्र वाटले की ज्या विमानाची आपण आयुष्यातली उमेदीची वर्षे घालून वाट पाहिली, ते दुसऱ्यालाच मिळते आहे. मे २०१२ च्या दुसऱ्या आठवड्यात पायलट आजारपणाच्या रजेवर जाऊ लागले. दिल्ली उच्च न्यायालयाने आंदोलनाला मनाई केली, संघटनेची मान्यता गेली, शंभराहून अधिक पायलटांना काढून टाकले गेले. ५८ दिवसांनी, जुलैच्या सुरुवातीला, संप न्यायालयात मिटला. पहिले ७८७ सप्टेंबरमध्ये आले. आणि चारच महिन्यांत बॅटरीच्या दोषामुळे जगातली सगळी ७८७ तीन महिन्यांहून अधिक काळ जमिनीवर बसली.

दोन्ही याद्या एकत्र कशा करायच्या याचा विचार न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे सोपवला होता, आणि तिचा अहवाल संपाच्या काही महिने आधी, २०१२ च्या आरंभी आला. विलीनीकरण २००७ चे. ऑर्डर त्याच्याही आधीची. म्हणजे विमानांच्या किमती, इंजिनांची निवड, कर्जाची हमी हे सगळे पार पडले आणि ती विमाने कोण चालवणार, कोणत्या क्रमाने, हे पाच वर्षे लोंबकळत राहिले. दोष पायलटांच्या हट्टाचा कमी आणि या दिरंगाईचा जास्त, असे मला ठामपणे वाटते.

खासगी कंपन्यांची कथा थोडक्यात सांगता येते, कारण ती थोडक्यातच संपली. किंगफिशरने २००५-०६ मध्ये ए३८० आणि ए३४०-५०० मागवली. त्यांतले एकही तिच्या सेवेत आले नाही. पाच ए३३० आली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीच थांबली. जेट एअरवेजने दहा ७७७-३००ईआर घेतली आणि मंदीचा फेरा आला तेव्हा त्यांतली काही टर्किश आणि थाई एअरवेजला भाड्याने दिली. मोठ्या विमानाच्या आशेने मुंबईत नोकरी धरलेल्या पायलटांना आपली विमाने परक्या रंगात उडताना पाहावी लागली. १७ एप्रिल २०१९ ला जेटचे शेवटचे उड्डाण झाले तेव्हा अनेकांचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. ज्यांच्याकडे ७३७ चे रेटिंग होते त्यांना स्पाइसजेटसारख्या कंपन्यांकडे जाता आले. ७७७ आणि ए३३० वाल्यांसाठी देशात दुसरे घर जवळजवळ नव्हतेच. बाजारात एका जातीची विमाने किती कंपन्यांकडे आहेत हा तपशील पायलटच्या सुरक्षिततेचा खरा मापदंड आहे. ए३२० चे रेटिंग म्हणजे चलनी नाणे. मोठ्या विमानाचे रेटिंग दागिन्यासारखे: मोल जास्त, पण अडीअडचणीला मोडायचे तर गिऱ्हाईक शोधावे लागते.

मग परदेश. आखातातल्या एमिरेट्सने २०१६ मध्ये आपली ए३३० आणि ए३४० विमाने काढून टाकली आणि त्यानंतर आठ वर्षे तिच्याकडे फक्त ७७७ आणि ए३८० होती. तिथे लहान विमानाची पायरीच नाही. भारतातला ए३२० चा फर्स्ट ऑफिसर तिथे गेला तर थेट सर्वांत मोठ्या विमानावर जातो. पण पायरी नाही म्हणजे आधारही नाही. ए३८० ची एकूण २५१ विमाने कंपन्यांना दिली गेली, त्यांतली १२३ एकट्या एमिरेट्सची. २०१९ मध्ये एअरबसने उत्पादन थांबवायचे जाहीर केले, २०२० मध्ये एअर फ्रान्सने आपली सगळी ए३८० काढली, आणि एमिरेट्सने त्या वर्षी शेकडो पायलटांना घरी पाठवले. हातात जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवासी विमानाचे रेटिंग आणि ते चालवणारी कंपनी मागूनही सापडत नाही, अशी वेळ अनेकांवर आली. पुढे प्रवासी परतले, तीच विमाने वाळवंटातून बाहेर काढली गेली आणि ए३८० साठी बाहेरून थेट कॅप्टन भरले गेले. उजव्या खुर्चीत टिकून राहिलेल्यांना त्या दिवशी काय वाटले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

अमेरिकेत हाच धक्का वेगळ्या रीतीने पसरतो. डेल्टाने ७७७ काढली तेव्हा त्या विमानांवरचे ज्येष्ठ पायलट रस्त्यावर आले नाहीत. ज्येष्ठतेच्या जोरावर ते ए३५० किंवा ए३३० वर गेले. तिथल्या कनिष्ठांना ७६७ वर ढकलले गेले, तिथल्यांना ७३७ वर, कॅप्टनला उजव्या खुर्चीत. उतरंडीतले वरचे मडके हलले की खालपर्यंत सगळी हलतात, तसे. प्रत्येक बदलाला नवे प्रशिक्षण, प्रत्येक प्रशिक्षणाला सिम्युलेटरची वेळ. डेल्टाच्या सुमारे १,८०० पायलटांनी तेव्हा लवकर निवृत्ती घेतली. दोन वर्षांत प्रवासी परतले तेव्हा माणसे कमी आणि प्रशिक्षणाची रांग लांब अशी अवस्था झाली. अमेरिकन एअरलाइन्सनेही त्या वर्षी ७६७ आणि ए३३० कायमची काढली. युनायटेडने मोठी विमाने राखली आणि डिसेंबर २०२२ मध्ये १०० बोइंग ७८७ ची ऑर्डर दिली. त्यानंतर अमेरिकेतला तरुण पायलट कंपनी निवडताना पहिल्या वर्षीच्या पगारापेक्षा तिच्याकडे किती वाइडबॉडी येणार आणि तिचे किती पायलट पासष्टी गाठणार हे आकडे अधिक बारकाईने पाहू लागला तर नवल नाही. ६५ ला निवृत्ती बंधनकारक असल्याने दुसरा आकडा कुणालाही मांडता येतो. पहिला संचालक मंडळाच्या हाती.

ही ओझी कमी करण्याचे मार्ग लोकांनी शोधले नाहीत असे नाही. मालवाहतुकीतल्या यूपीएसमध्ये विमान कोणतेही असो, त्या खुर्चीचा दर एकच. तिथे पायलट पगारासाठी विमान बदलत नाही. घर कुठे आहे, मुले कोणत्या वयाची आहेत, रात्रपाळी झेपते का, हे पाहून बदलतो. जर्मनीत लुफ्तान्साने पायलटांना मुख्य कंपनीत किमान ३२५ विमाने ठेवण्याची हमी दिली होती. स्वस्त उपकंपन्यांकडे विमाने वळवण्यापासून ते संरक्षण होते. २०२१ च्या अखेरीस कंपनीने ती हमी मोडीत काढली आणि पुढच्या वर्षी संपापर्यंत पोहोचलेल्या कटुतेत तिचाही वाटा होता. क्वांटासने सिडनी-लंडन थेट सेवेसाठी ए३५०-१००० घ्यायचे ठरवताना पायलटांचा करार आधी मिटवला. कठोरपणे मिटवला हे खरे: अटी मान्य नसतील तर बाहेरचे पायलट घेऊ असे बजावून. पण विमान यायच्या आधी ते कोणत्या अटींवर चालवायचे हे निदान पायलटांच्या समोर होते.

आपल्याकडे असे काही रुजलेले दिसत नाही आणि म्हणून सध्याचा काळ मला आशेचा जितका वाटतो तितकाच काळजीचा. टाटांकडे आल्यानंतर एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची घोषणा केली. त्यांतली ७० वाइडबॉडी: ४० ए३५०, २० बोइंग ७८७-९ आणि १० बोइंग ७७७एक्स. पहिली सहा ए३५० लवकर मिळाली, कारण ती मुळात रशियाच्या एरोफ्लोतसाठी बनत होती आणि युद्धानंतरच्या निर्बंधांमुळे तिकडे जाऊ शकली नाहीत. युक्रेनवरच्या हल्ल्याने दिल्लीतल्या पायलटांच्या जागा उघडल्या. याउलट ७७७एक्स २०१३ मध्ये जाहीर झाले, २०२० मध्ये यायचे होते, आता २०२७ चे बोलले जाते. त्या विमानाच्या भरवशावर ७७७ वरच थांबलेल्याने काय करावे? आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, जूनमध्ये अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाचा अपघात झाला, कंपनीने मोठ्या विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणे काही काळ पंधरा टक्क्यांनी कमी केली. पगार उडालेल्या तासांशी बांधलेला असेल तर अशी प्रत्येक कपात घरच्या हप्त्यापर्यंत पोहोचते. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या पायलटांनी हमीचे तास ७० वरून ४० वर आणणाऱ्या नव्या करारावर नाराजी दाखवली आणि उड्डाणे कोलमडली, ती याच मुळापासून. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात मिसळली. दोन ज्येष्ठता याद्यांचा जुना प्रश्न नव्या नावांनी पुन्हा समोर आला.

मराठी घरांना यातली एक बाजू थेट लागते. जुन्या एअर इंडियाचे घर मुंबई. नरिमन पॉइंटची इमारत, कालिन्याच्या वसाहती, सांताक्रूझचे हँगर. दिल्लीचे टर्मिनल ३ २०१० मध्ये झाले आणि लांब पल्ल्याच्या विमानांचा मुक्काम हळूहळू तिकडे सरकला. वाइडबॉडी हवी तर दिल्ली, पार्ल्यात राहायचे तर लहान विमान, अशी निवड पायलटला करावी लागते. जोडीदाराची नोकरी, आईवडिलांचे आजारपण, मुलांची दहावी हे सगळे त्या निवडीत असते, आणि ताफ्याच्या कोणत्याही आराखड्यात यांचा रकाना नसतो. २०२५ च्या डिसेंबरमध्ये नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली. तिथे मोठी विमाने मुक्कामाला किती येतात यावर अनेक संसार मुंबईत राहतील की नाही हे अवलंबून आहे.

इकडे अमरावतीला बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची ३४ विमानांची प्रशिक्षण संस्था आकार घेते आहे, गोंदियात आणि बारामतीत मुले शिकताहेत. समजा नाशिकची एखादी मुलगी आज दोनशे तास पुरे करून परवाना घेते. ए३२० ची उजवी खुर्ची, मग पंधराशे तासांवर एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारा परवाना, मग कमांड. ती वाइडबॉडीचा विचार करू लागेल तोवर हल्ली मागवलेली विमाने जुनी होऊ लागलेली असतील. शिवाय मधली भिंतही पातळ होते आहे. ए३२१एक्सएलआर हे एका वाटेचे विमान ८,७०० किलोमीटर जाते, नोव्हेंबर २०२४ पासून ते आयबेरियाच्या सेवेत महासागर ओलांडते आहे आणि इंडिगोनेही ते मागवले आहे. लांब पल्ल्याचा शीण मोठ्या विमानाचा आणि दर लहान विमानाचा, असा सौदा तिच्यापुढे येऊ शकतो. ए३५० वर उंचीवर असताना एकाच पायलटवर भागवावे असा एक प्रस्ताव युरोपात होता. तिथल्या सुरक्षा संस्थेने २०२५ मध्ये तो आजच्या घडीला तितकाच सुरक्षित ठरत नाही असा निर्वाळा दिला, ही मोठी दिलासा देणारी गोष्ट.

आता इंडिगो. आजवर नॅरोबॉडीवर उभ्या असलेल्या या कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये ३० ए३५०-९०० मागवली आणि पुढच्या वर्षी आकडा ६० वर नेला. ऑर्डर देताना २०२७ पासून विमाने येतील असे सांगितले होते. तिच्याकडे ए३२० चे हजारो पायलट आहेत आणि एअरबसच्या कॉकपिटांमधल्या सारखेपणामुळे त्यांना ए३५० वर नेणे तुलनेने सोपे आहे. यातले किती आतून जातील, किती एमिरेट्स, कतार, एअर इंडिया यांच्याकडून आणले जातील, ए३२० चा कॅप्टन ए३५० वर कॅप्टन म्हणूनच जाईल की पुन्हा उजव्या खुर्चीत, आणि ज्येष्ठता मोजायची की मोठ्या विमानाचे तास, हे पहिले विमान उतरण्याआधी लेखी ठरायला हवे. २००६ आणि २०१२ यांच्या मधल्या रिकाम्या वर्षांसारखे ते पुन्हा होऊ नये.

तोवर इंडिगो मोठी विमाने माणसांसकट भाड्याने चालवते. आधी टर्किशची ७७७, मग नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिकची ७८७. जुलै २०२५ मध्ये मुंबईहून ॲम्स्टरडॅमची सेवा सुरू झाली ती यांच्यावरच. केबिनमध्ये इंडिगोची मुले-मुली, कॉकपिटमध्ये नॉर्सचे पायलट. त्याच धावपट्टीवर मागे रांगेत उभ्या असलेल्या इंडिगोच्या ए३२० मध्ये, नागपूरला निघालेल्या कॅप्टनला पुढच्या विमानाचे शेपूट दिसत असते.